गडगा म्हणजे पूलचं कुंपण नव्हे

गोव्यातल्या शिवोलीत माझ्या मामाचं वडिलोपार्जित घर आहे. मागच्या दोन खोल्या दुरुस्त करून पर्यटकांना द्यायच्या असं मामा-मामीने ठरवलं आणि त्या बेतासोबत परसात एक छोटा पूल आला. (पूल म्हणजे पोहायचा, मांडवीवरचा नव्हे. मराठीत या शब्दाची ही पंचाईत आहेच.) मी आर्किटेक्टच्या कचेरीत नकाशे काढते, त्यामुळे कागद माझ्याकडे येणं ओघाने आलं. नकाशा बघून मी पहिला प्रश्न विचारला, “मामी, कुंपण कुठाय?”

“अगो बाय, गडगा आहे की चारी बाजूंनी! चिऱ्याचा, छातीएवढा. बाहेरचं कुत्रंसुद्धा आत येत नाही.”

मामीचं म्हणणं खरंच होतं. गडगा, म्हणजे चिऱ्याची (जांभ्या दगडाची) कंपाउंडची भिंत, बाहेरच्याला अडवतो. पण घरच्या पूलमध्ये पडणारं लहान मूल बहुतेक वेळा रस्त्यावरून येत नाही. ते स्वयंपाकघरातून येतं, बाल्कांवातून, म्हणजे पडवीतून येतं, हातातलं बिस्कीट चघळत येतं. गडग्याच्या आतच ते राहतं, आणि पूलही गडग्याच्या आतच असतो. दोघांच्या मध्ये काहीच नाही.

या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य लिहून झालं असं समजा: कुंपण घर आणि पूल यांच्या मध्ये हवं, परस आणि रस्ता यांच्या मध्ये असलेलं या कामाचं नाही. पूलला चारही बाजूंनी वेगळं काढणारं कुंपण आणि तीन बाजूंना कंपाउंड व चौथ्या बाजूला घर, या दोन रचनांची तुलना करून अमेरिकेची सीडीसी ही सरकारी आरोग्यसंस्था सांगते की पहिल्या रचनेत मूल बुडण्याचा धोका ८३ टक्क्यांनी कमी असतो. फरक एवढा मोठा का? तर दुसऱ्या रचनेत चौथी बाजू म्हणजे घराचं दार, आणि आपल्याकडे घराचं दार दिवसभर उघडं असतं. वारा यायला हवा ना.

आवाज न करता

बुडणारा माणूस हात हलवतो, ओरडतो, असं आपल्या मनात सिनेमाने बसवलंय. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांचं मूल पाण्यात पडलं की बहुधा आवाजच होत नाही. तोंड पाण्याखाली असताना ओरडायला श्वास कुठून आणणार? शरीराच्या मानाने त्याचं डोकं जड असतं, त्यामुळे ते काठावरून वाकलं की डोक्याकडून आत जातं आणि त्याला स्वतःला वळवून वर येता येत नाही. ऑक्सिजन तुटल्यावर मेंदूला इजा व्हायला काही मिनिटं पुरतात. मोबाइल चार्जरला लावून परत येईपर्यंतचा वेळ.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगभरात सुमारे ३ लाख माणसं बुडून गेली आणि त्यांतला जवळपास पाव हिस्सा ५ वर्षांखालच्या मुलांचा होता. त्यात नद्या, विहिरी, पूर सगळं आलं. घरचा पूल हा त्यातला छोटा भाग, पण तो आपण हौसेने, स्वतःच्या पैशाने दारात आणलेला असतो. गोव्याच्या किनाऱ्यांवर लाल बावटे असतात, शिट्टी वाजवणारे जीवरक्षक असतात. परसात शिट्टी कोण वाजवणार?

कायद्याचं काय?

“नियमाप्रमाणे करून टाक,” मामा म्हणाला. नियम शोधायला गेलं की गोष्ट जरा गुंतते.

ऑस्ट्रेलियातल्या राज्यांनी घरगुती पूलभोवती अमुक उंचीचं कुंपण हवंच असं सांगणारे कायदे केलेत, तसा देशभर लागू असणारा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. विचित्र वाटेल, पण बोअरवेलसाठी असे आदेश आहेत: मुलं उघड्या बोअरवेलमध्ये पडण्याच्या घटनांनंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यात काम चालू असताना भोवती काटेरी तारेचं कुंपण आणि फलक लावणं आलं.

म्हणून गोव्यात ‘नियमाप्रमाणे’ या शब्दाचे दोन भाग पाडावे लागतात. पहिला भाग परवान्यांचा. बांधकामाला २०१० चे गोवा भूविकास व बांधकाम विनियम लागू आहेत, म्हणजे नगरनियोजन खात्याची तांत्रिक मान्यता आणि पंचायतीचा किंवा पालिकेचा परवाना. पूल नकाशात दाखवा, आणि त्याच कागदावर कुंपणही दाखवा. नंतर घालू म्हणून सोडलेलं कुंपण पुष्कळदा राहूनच जातं, हा माझा कचेरीतला अनुभव. घर नदीजवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारी क्षेत्राचे बांधकाम-निर्बंध, येतं. ते फक्त समुद्रकिनाऱ्याला लागतं हा गैरसमज आहे. २०११ च्या अधिसूचनेप्रमाणे भरती-ओहोटीच्या नदीलाही ते लागतं, भरतीरेषेपासून १०० मीटर किंवा नदीच्या रुंदीइतकं, यांतलं जे कमी असेल तिथपर्यंत. शापोरा नदीच्या काठच्या गावांत पुष्कळ लोक याच पट्ट्यात सापडतात. तिथे पंचायतीच्या आधी किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची पायरी चढावी लागते.

दुसरा भाग जबाबदारीचा. कुंपणाचा कायदा नाही म्हणजे मालक मोकळा, असं मुळीच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली निष्काळजीपणाने कुणाचा मृत्यू ओढवला तर ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शिवाय नुकसानभरपाईचा दिवाणी दावा वेगळा. आणि पाहुण्यांकडून पैसे घेऊन खोल्या देत असाल, १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नाव घातलं असेल, तर ‘आमच्या घरी कोण लहान आहे’ हे म्हणायचीही सोय राहत नाही. उद्या कोण कुठलं मूल घेऊन येईल, तुम्हाला ठाऊक नसतं. त्या मुलालाही तुमचा पूल ठाऊक नसतो.

मग कुंपण किती उंच, फट किती, हे ठरवायला मापं कुठून घ्यायची? ज्यांनी या विषयात आधी चटके खाल्ले त्यांच्याकडून. न्यूझीलंडने घरगुती पूलच्या कुंपणाचा कायदा १९८७ मध्ये केला, ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने १९९२ मध्ये. तिथे ३०० मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी मावणाऱ्या फुगवायच्या पूललासुद्धा कुंपण लागतं. फ्रान्सने जानेवारी २००३ मध्ये कायदा करून जमिनीत बांधलेल्या खासगी पूलना सुरक्षा-साधन सक्तीचं केलं, पण पर्याय दिले: कुंपण, गजर, झाकण किंवा वरून बंद छत. मला स्वतःला फ्रान्सची ही मोकळीक पटत नाही. गजर वाजतो तेव्हा मूल पाण्यात पडलेलं असतं. कुंपण त्याच्या आधी काम करतं. म्हणून मी मापं ऑस्ट्रेलियाच्या एएस १९२६.१ या मानकातून घेते. ते खूप काटेकोर आहे, आणि त्यातलं प्रत्येक माप मुलाच्या शरीरावरून आलंय, त्यामुळे ते शिवोलीतल्या मुलालाही तितकंच लागू पडतं.

मापं, आणि ती तशी का

उंची किमान १२०० मिलिमीटर. कुठून मोजायची हे जास्त महत्त्वाचं. बाहेरच्या बाजूला मूल जिथे उभं राहील तिथल्या तयार जमिनीपासून. आपल्याकडे कुंपण आधी लागतं आणि फरशी नंतर चढते, आणि १२०० चे नकळत ११०० होतात. उतारावर तर जमीन जिथे कुंपणाच्या माथ्याला सर्वांत जवळ येते तिथे मोजा. कंपाउंडची भिंतच पूलची एक बाजू म्हणून वापरायची असेल तर ती १८०० हवी, कारण शेजाऱ्याच्या बाजूला काय ठेवलंय यावर तुमचा ताबा नसतो. शेजारी गडग्याला लाकडांची मोळी टेकवून ठेवतो, त्याला कोण काय बोलणार?

फट १०० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. उभ्या गजांमधली, काचांमधली, आणि कुंपणाच्या खालचीही. दहा सेंटिमीटरच्या फटीतून चालत्या वयाच्या मुलाचं डोकं जात नाही. साइटवर हे तपासायला पुष्कळजण चार इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा घेतात. तो घेऊ नका, तो बाहेरून ११० मिलिमीटर भरतो. १०५ ची फट त्याला दिसणारच नाही. सुताराकडून बरोबर दहा सेंटिमीटरचा लाकडी ठोकळा कापून घ्या आणि प्रत्येक फटीत घालून बघा. जिथे तो सहज आरपार जातो ती जागा चुकली. मामीने सोललेल्या नारळाने तपासायला सुरुवात केली होती. कल्पना वाईट नाही, पण नारळ नारळासारखा नसतो.

खालची फट आपल्या मातीत फसवते. मार्चमध्ये कुंपणाखाली ८० मिलिमीटर असलेली जागा दोन पावसाळ्यांत दीडशे होते, कारण तांबडी माती वाहून जाते. कुंपणाखाली काँक्रीटचा पट्टा घालणं हा साधा उपाय आहे.

आता चढण्याची गोष्ट. इथे सगळ्यांत जास्त चुका होतात आणि त्या दिसायला सुंदर असतात. कुंपणच शेत खातं म्हणतात, पूलच्या बाबतीत कुंपणच शिडी होतं. आडव्या पाइपांची जी रेलिंग आज आसगावापासून मोरजीपर्यंत प्रत्येक नव्या व्हिलात दिसते ती अक्षरशः शिडी आहे. आडव्या पट्ट्या घ्यायच्याच असतील तर त्यांच्यात किमान ९०० मिलिमीटर अंतर हवं, म्हणजे एकीवर पाय ठेवून दुसरी गाठता येणार नाही. थोडक्यात, गज उभे घ्या.

आमच्या फॅब्रिकेटरने मला त्याच्या मोबाइलवर चाळीस फोटो दाखवले. “ताई, हे डिझाइन सगळे घेतात.”

“घेतात रे. तुझा धाकटा केवढा आहे?”

“तीन वर्षांचा.”

“त्याला घेऊन ये आणि यावर सोड. चढला नाही तर हेच लावू.”

तो हसला आणि उभ्या गजांचा फोटो शोधू लागला.

जाळीचंही तसंच. मळ्यांना लावतात ती चौकटी भोकांची तारेची जाळी पायाच्या बोटांना मस्त आधार देते. मानक सांगतं की भोक १३ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल तर जाळीचं कुंपण १२०० चालणार नाही, १८०० हवं. चिऱ्याच्या उघड्या भिंतीत सांधे खोल ठेवायची फॅशन आहे, दिसतं छानच. पण १० मिलिमीटरपेक्षा खोल खाच ही पायरी धरली जाते. पूलकडे जाणारी तेवढी बाजू गिलावा करून सपाट घ्या, किंवा सांधे भरून घ्या.

कुंपणाच्या आसपासची जागा हाही कुंपणाचाच भाग. माथ्यापासून बाहेरच्या बाजूला ९०० मिलिमीटरच्या पट्ट्यात चढायला उपयोगी पडेल असं काही नको. मामाच्या परसात मी मोजपट्टी घेऊन फिरले तेव्हा त्या पट्ट्यात सापडलेल्या वस्तू: एसीचं बाहेरचं यंत्र, पंपाच्या खोलीचं पुढे आलेलं छज्जं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, जास्वंदीची मोठी कुंडी, पेरूची खाली आलेली फांदी, आणि बाल्कांवातला सोपो, म्हणजे बसायचा दगडी कट्टा, ज्याच्या पाठीला लागूनच कुंपण यायचं होतं. सोपोवर उभं राहिलं तर १२०० चं कुंपण मुलाच्या कमरेला येतं. आम्ही कुंपणाची रेघ मीटरभर पुढे सरकवली. तुळशीवृंदावन मात्र मामीने हलवू दिलं नाही. कुंपण वळसा घालून गेलं.

सगळं कुंपण गेटमध्ये आहे

तीस मीटर भक्कम कुंपण आणि एक आळशी गेट, म्हणजे कुंपण नाही.

गेटने स्वतःहून मिटलं पाहिजे आणि स्वतःहून कडी लागली पाहिजे. हाताने ओढायला लागता कामा नये. याची परीक्षा गेट पूर्ण उघडून घेऊ नका, तेव्हा कुठलंही गेट धाडकन लागतं. गेट जेमतेम चार बोटं उघडा, थांबवा आणि सोडा. तेवढ्याशा अंतरातून वेग घेऊन कडी बसली तर बिजागरी चांगली. बहुतेक गेटं इथेच नापास होतात: येऊन कडीला टेकतात आणि अर्ध्यावर थांबतात. दुरून बघणाऱ्याला ते बंदच वाटतं.

गेट पूलपासून दूर, बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे. कारण साधं आहे. मूल गेटला ढकलतं, ओढत नाही. कडी चुकून नीट लागली नसेल तरी ढकलल्याने ते मिटेल. कडी उघडायची खिट्टी जमिनीपासून किमान १५०० मिलिमीटर उंच हवी. अमेरिकेत ५४ इंच म्हणजे साधारण १३७० चालतं, पण मुलं खुर्ची ओढून आणतात हे लक्षात घेऊन मी दीड मीटरच धरते. चुंबकाच्या कड्या मिळतात, वर ओढायची मूठ असते. त्या आपल्या हवेला चांगल्या, कारण त्यात घासणारा लोखंडी भाग कमी. बिजागऱ्यांना ताण कमी-जास्त करता येणारी स्प्रिंग असावी. सहा-आठ महिन्यांनी ती सैल होते, मग पान्याने एक फेरा आवळायचा.

लाकडी गेट नको. जूनमध्ये फुगतं, कडीशी जुळत नाही, आणि मग कुणीतरी ते सुतळीने बांधतं.

आणि चिरा. गोव्यात गेट उघडं ठेवायला सगळ्यांच्या हाताशी चिऱ्याचा तुकडा असतो. पार्टी आहे, ट्रे ने-आण करायचेत, लावा चिरा. असला एक चिरा गेटजवळ सापडला की मी तो परसाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन टाकते. पुढच्या खेपेला तो परत आलेला असतो.

काच, अॅल्युमिनियम की स्टील

यात आवडीनिवडीला जागा आहे, पण खारी हवा आणि पाऊस निम्मे निर्णय आपणच करून टाकतात.

बिनचौकटीची काच देखणी आणि खरोखर उपयोगीही. चढायला पकड नाही आणि खिडकीतून मूल दिसतं. आरपार दिसणं ही मोठी सुरक्षा आहे, भरीव भिंतीमागे काय चाललंय ते कळत नाही. साधारण १२ मिलिमीटरची टफन केलेली, म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेली, काच वापरतात. ती भारतीय मानक आयएस २५५३ प्रमाणे असल्याचा शिक्का प्रत्येक तावदानावर बघून घ्या. टफन काच एकदा भट्टीतून निघाली की तिला कापता किंवा भोक पाडता येत नाही, म्हणून मापं आधी, ऑर्डर नंतर. क्वचित काचेतल्या निकेल सल्फाइडच्या बारीक कणामुळे ती काहीही न लागता फुटते. कारखान्यात हीट सोक चाचणी (काच मुद्दाम पुन्हा तापवून ठेवणं) करून घेतली तर तशा बऱ्याचशा काचा तिथेच फुटून जातात. फुटलेली टफन काच दाणेदार होते, सुऱ्यासारखे तुकडे होत नाहीत, पण ते दाणे पूलमध्ये गेले तर पाण्यात दिसत नाहीत. मग सगळं पाणी उपसायचं. हा खर्च कुणी सांगत नाही.

काच धरणारे स्टीलचे खुंट हा तिचा खरा कच्चा दुवा. ३०४ ग्रेडचं स्टील आत फोंड्याकडे चालून जाईल. समुद्रापासून काही किलोमीटरच्या आत ३१६ घ्या. त्यात २ ते ३ टक्के मोलिब्डेनम असतं, ते मिठाशी झुंजतं. तरीही चहाच्या डागांसारखे तपकिरी ठिपके येतात. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुणं आणि पुसणं हा त्यावरचा कंटाळवाणा पण खरा उपाय. बाजारात २०२ ग्रेडचं स्टीलही तितकंच चकचकीत दिसतं. चुंबक लावून बघणारे भेटतात, पण ३०४ आणि ३१६ दोन्हीला चुंबक जवळपास चिकटतच नाही आणि २०२ लाही बहुधा नाही, त्यामुळे त्या प्रयोगातून काही कळत नाही. मोलिब्डेनम ओळखणाऱ्या रसायनाचा थेंब टाकून तपासता येतं. दुकानदाराला बिलावर ग्रेड लिहायला सांगा, तेवढ्यानेही बोलणं बदलतं.

पावडर कोटिंग केलेलं अॅल्युमिनियम, उभ्या गजांचं. माझं मत विचाराल तर साध्या घराला हेच. हलकं, गंजून पडत नाही, एखादी पट्टी बिघडली तर बदलता येते. ओल्या सिमेंटशी अॅल्युमिनियमचा थेट संबंध येऊ देऊ नका, सिमेंटचा क्षार त्याला खातो. खांबांना खाली प्लेट लावून बोल्ट करा.

साधं लोखंड स्वस्त, पण पोकळ चौकोनी पाइप आतून गंजतात, बाहेरचा रंग शाबूत असताना. लोखंडच घ्यायचं तर सगळं वेल्डिंग झाल्यावर गरम जस्तात बुडवून गॅल्व्हनाइज करून आणा. आधी गॅल्व्हनाइज केलेले पाइप वेल्ड केले की सांध्यावरचं जस्त जळतं आणि गंज तिथूनच सुरू होतो.

धातूचं कोणतंही कुंपण पूलच्या काठाजवळ येत असेल तर इलेक्ट्रिशियनला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. पूलच्या आसपासचे धातूचे भाग एकमेकांना तारेने जोडून समान विद्युत-पातळीवर ठेवायचे असतात, आणि पंप व दिव्यांच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळताच लाइन तोडणारा स्विच, हवाच.

काढता-घालता येणारं जाळीचं कुंपणही मिळतं, जमिनीतल्या नळ्यांत खांब रोवायचे. भाड्याच्या घराला बरं, पण ‘काढता येणारं’ या शब्दातच त्याची कमजोरी आहे. वईचं, म्हणजे झुडपांचं कुंपण सावलीला ठेवा. ते वाढतं, वाळतं, आणि मुलांना त्यातले रस्ते आपल्या आधी सापडतात.

पाऊस आणि चवथ

मे संपला की पोहणारे जातात आणि पूलकडे कुणी बघत नाही. पंप बंद, पाणी हिरवं. हिरव्या पाण्यात तळ दिसत नाही, म्हणजे कुणी पडलं तर काठावर उभं राहूनही कळणार नाही. काहीजण पूल रिकामा करतात, तेही धोक्याचं. पावसात जमिनीतलं पाणी वर येतं आणि रिकामी टाकी खालून उचलली जाऊन तडकू शकते. आणि काहीजण ताडपत्री ताणतात. ताडपत्रीवर पाणी साठतं, पानं साठतात, लांबून ती जमिनीसारखी दिसते. तिच्यावर पाऊल पडलं की ती आत जाते आणि मुलाभोवती गुंडाळली जाते. माणसाचं वजन पेलण्यासाठी बनवलेली सुरक्षा-आवरणं वेगळी असतात. ताडपत्री ही पागोळ्यांसाठी.

झावळ पडून गेटचा खांब वाकणं, बिजागरीत शेवाळ धरणं, हे सगळं याच दिवसांत होतं. चार बोटांची परीक्षा जून ते सप्टेंबर दर आठवड्याला घ्यावी.

आणि याच दिवसांत घर भरतं. २४ जूनला सांजांव, डोक्यावर फुलांची कोपेलं घालून विहिरींत उड्या मारायचा दिवस, आता उड्या पूलमध्येही पडतात. मग चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. मुंबईची, पुण्याची, बेळगावची माणसं एका छपराखाली, माटोळी (गणपतीवरचं फळाफुलांचं छत) बांधायची गडबड, आरत्या, आणि पंधरा पोरं. पंधरा माणसं मुलांवर लक्ष ठेवून आहेत असं प्रत्येकाला वाटतं, म्हणून कुणीच ठेवत नाही. आमच्याकडे आता एक रीत केली आहे: गेट उघडं असेल तोवर एका मोठ्या माणसाच्या गळ्यात शिट्टी असते, आणि शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात घातल्याशिवाय तो उठत नाही. पोहणं संपलं की चेंडू, बदकं, सगळी खेळणी पाण्यातून बाहेर. तरंगतं पिवळं बदक कुंपणापलीकडून हाक मारतं.

कुंपण असूनही काही झालंच तर, श्वास नसलेल्या मुलाला आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग छातीवर दाब. बुडालेल्याच्या बाबतीत श्वास आधी, कारण ऑक्सिजनच संपलेला असतो. दुसऱ्याने १०८ लावायचा. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. हे वाचून येत नाही, एक दिवसाचं प्रशिक्षण घ्यावं लागतं. मामा-मामी दोघांनी घेतलं.

मामाच्या पूलला शेवटी उभ्या गजांचं पांढरं अॅल्युमिनियम लागलं, बाल्कांवाच्या बाजूला तीन काचा. गेट चार बोटांवरून खटकन लागतं. मामीची तक्रार वेगळीच आहे. पाहुण्यांचा चहा घेऊन गेली की दोन्ही हात ट्रेला, खिट्टी दीड मीटरवर. गेटच्या बाहेर ट्रे टेकायला एक छोटा कट्टा बांधून दे म्हणून ती मागे लागली आहे. गेल्या रविवारी मी जाऊन खडूने रेघ मारून आले, कुंपणापासून ९० सेंटिमीटरवर. कट्टा त्या रेघेच्या अलीकडे, म्हणजे घराच्या बाजूला.